दोन सूत

पंखा काढला, पोत्यात घातला,
वर नाचणीचं गाठोडं ठेवलं
आणि बामणोलीहून सकाळची एसटी धरली.
कंडक्टर म्हणाला, काय आहे आत?
म्हटलं, तीन पाती.
कांद्याची समजून पुढं गेला.

साताऱ्याच्या एमआयडीसीत, शेवटच्या गल्लीत
दस्तगीर मुजावरचं लेथ.
दारात गुऱ्हाळाचे गिअर, पिठाच्या गिरणीचा शाफ्ट,
त्यांच्या रांगेत माझा पंखा,
बुंध्याला शेवाळ वाळलेलं.
"काय दुखतंय?"
पळते चांगली, म्हटलं. उठत नाही.
दहा माणसं, दोन सिलिंडर, एखादी शेळी,
थ्रॉटल दिला की मागनं बसते,
नाक आभाळाला लावते
आणि मी चक्राशी उभा, मोजत.
सतराला नाक खाली येतं.
सतरा आकडे मला पुढचं पाणी दिसत नाही.
दिसते टोकाची दोरी,
तिच्यावर एखादा बगळा असला तर बगळा.

त्यानं अंगठा फिरवला, एका पात्याच्या कडेला थांबला.
"हे कुठं?"
मे महिन्यात. पाणी खाली गेलेलं.
धक्क्यापासून दीडशे हातांवर
आमची जुनी वाडी आहे.
आहे म्हणजे, दगड आहेत.

त्यानं मोजलं. दोन सूत खोल.
"भरून देतो, कळणारसुद्धा नाही."
मग स्वतःच कानामागची पेन्सिल काढली.
"का तासू? तिन्ही पाती दोन-दोन सूत.
आरपार मापात चार सूत जाईल.
इंजिनाला ओझं हलकं, झटक्यात उठेल.
वरचा पळ मात्र जाईल थोडा.
दोन्ही पाहिजे म्हणशील
तर दुसरा पंखा घे,
नाहीतर दुसरी लाँच,
नाहीतर दुसरं धरण."

मी दोन चहा सांगितले.
एवढाच माझा निर्णय.

खोच म्हणजे तरी काय,
तिथं नसलेलं ॲल्युमिनियम.
आजूबाजूचं तासलं की ती गेली,
पुडीत बांधून आणता येत नाही.
तरी मी खाली पडणारा कीस बघत राहिलो.
मागची कड त्यानं जराशी मुडपली,
उलथन्याची असते तेवढीच,
पाणी निसटू नये म्हणून.
मग आस दोन पट्ट्यांच्या धारेवर ठेवला
आणि फुंकर मारली.
एक पातं जड. सारखं तेच खाली येई.
कानशीचा एक हात, फुंकर,
पुन्हा एक हात, फुंकर,
शेवटी सोडलं तिथं थांबायला लागला.
दस्तगीर हसला, पहिल्यांदाच.

रात्री जेवताना सांगितलं.
आत्या म्हणाली, दीडशे हात म्हणजे गुरवाचा ओटा.
चुलता म्हणाला, ओटा कुठला, खळ्याचा बांध.
ओटाच.
बांध.
भात निवला.
वाडी उठली तेव्हा आत्या सहा वर्षांची होती,
चुलता पाळण्यात.

सकाळी मुद्दाम भरून नेली.
दहा माणसं, शिवाय सिमेंटची चार पोती.
थ्रॉटल दिला. एक, दोन,
आणि नऊला नाक खाली.
परतताना पुन्हा मोजलं. आठ.
पोती उतरलेली होती, ते खरं.

तापोळ्याला आता चार मिनिटं जास्त लागतात.
धाकटा भाऊ रोज घड्याळ दाखवतो,
म्हणतो, पैसे देऊन उशीर विकत आणलास.
खरं आहे.

पण दहाव्या आकड्याला मला पाणी दिसतं.
हिरवट, आणि उन्हाळ्यात त्याच्या खाली
काहीतरी काळं, चौकोनी.
ओटा असेल.
किंवा बांध.
एवढा खटाटोप करून
तिथं पोचलो की मी थ्रॉटल मागं घेतो.
मागच्या बाकावरनं कुणीतरी विचारतं,
बंद पडली का हो?
नाही, म्हणतो.
वळवतोय.